गॅरेजातलं गाणं

आमच्या पूर्णा गावात गॅरेज म्हणजे उघडी पडलेली स्कूटर, काळे झालेले हात आणि 'संध्याकाळी या' हे आश्वासन. तिथून संगीतही निघतं, ही बातमी आमच्यापर्यंत जरा उशिराच पोचली. अमेरिकेतल्या पोरांनी घरच्या मोटारखान्यात तालमी केल्या, तीन कॉर्ड येताच चौथ्याची वाट न बघता गायला सुरुवात केली. म्हणून हे 'गॅरेज रॉक'.

किंग्जमेन मंडळींनी १९६३ साली 'लुई लुई' म्हटलं. शब्द अश्लील असावेत म्हणून एफबीआयनं चौकशी केली. निष्कर्ष काय, तर शब्द कळतच नाहीत! मांडवातल्या कर्ण्यावर वाढलेल्या आम्हांला यात नवल ते काय?

पुढं १९७६ साली रामोन्सनी पंकच्या पहिल्याच तबकडीत अर्ध्या तासाच्या आत १४ गाणी उरकली. तेवढ्यात आपल्याकडं तंबोरा लागतो.

आपणही मागं नव्हतो. 'सिमला बीट' स्पर्धेच्या तबकड्या १९७० आणि १९७१ सालच्या. त्यांत मद्रासचे कन्फ्यूजन्स, शिलाँगचे फेंटोन्स जीव तोडून वाजवतात. पण बंडाची भाषा साहेबाची आणि खर्च सिगारेट कंपनीचा!

मला विचाराल तर आपले खरे पंक वामनदादा कर्डक (१९२२–२००४). गॅरेज नाही, गिटार नाही. बाबासाहेबांचा विचार गावोगाव गात हिंडले, आणि शब्द कळायला चौकशी आयोग लागला नाही. गळ्याची तयारी मागाहून बघू हो. आधी सांगण्यासारखं काही आहे का, ते बोला.