तबकडीचे इमान कोणाशी?

तबकडीचे शौकीन ‘मूळ आवाजाशी इमान’ हाच निकष लावतात. माझा प्रश्न साधा आहे: मूळ कोणते? भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा जमावापुढे होई. 78 फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीची एक बाजू मात्र जेमतेम 3 मिनिटांची. 1948 साली आलेल्या एलपीने ती 20 मिनिटांपुढे नेली. तरी स्टुडिओत श्रोता नव्हताच. मग घरी भिंतींना गोधड्या टांगा. टाळीचा प्रतिध्वनी विरेल, पण ढोलकीचा घुमारा कोपऱ्यात साचेलच, लांब लहरींना पातळ कापड पुरत नाही. शिवाय हे सारे शास्त्र एक खुर्ची, एक श्रोता आणि मोकळी खोली गृहीत धरते. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसे बसली, की आवाज तीच शोषतात. (हेही ध्वनिशास्त्रच!) आमचे समीक्षक मात्र अजून सुईची खरखरच मोजीत आहेत.