एका स्टिकरचे रसग्रहण

समीक्षकानं आधी वाचावं आणि मग मत द्यावं, असा संकेत आहे. मी आधी मत दिलं, मग नऊशे रुपये दिले आणि वाचलं सगळ्यात शेवटी. कलाकृती म्हणजे संगणकाच्या पॉवर सप्लायवर डकवलेला स्टिकर.

त्याचं असं झालं. आमच्या चिरंजीवांनी ईटमधल्या पोरांच्या शिकवण्या घेऊन पैसे साठवले आणि आपल्या स्वस्तातल्या संगणकासाठी बार्शीहून एक वापरलेलं ग्राफिक्स कार्ड आणलं. जीटीएक्स १६६० सुपर. "पप्पा, आता पॉवर सप्लाय चांगला लागंल," एवढंच तो म्हणाला. पप्पा पडले बँकेतले कारकून! '४५० वॅट' असं ठसठशीत छापलेला, त्यातल्या त्यात स्वस्त नग मी निवडला. घरी गेम सुरू झाला, की संगणक डोळे मिटायचा. मी निकाल दिला, "तुझं कार्डच खराब. फसलास!" पोरगं गप्प बसलं.

एका रात्री लाइट गेली. दुसरं काही करता येईना, म्हणून बॅटरीच्या उजेडात स्टिकर वाचला.

शीर्षक भडक, आशय तळाशी, बारीक टाइपात: १२ व्होल्ट, १५ अँपिअर. गुणाकार केला, १८० वॅट. कार्ड आणि प्रोसेसर, दोघांचं पोट या १२ व्होल्टवरच. कार्डाची भूक १२५, प्रोसेसरची ६५, झाले १९०. पंखे अजून उपाशीच! मग ४५० आले कुठून? थोडे ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यांतून, बाकीचे लेखकाच्या प्रतिभेतून.

बी. कॉम.ला आम्हांला शिकवलं होतं, की कंपनीचं अधिकृत भांडवल वेगळं आणि वसूल भांडवल वेगळं. ४५० हे अधिकृत, १८० हे वसूल. कुंथलगिरीचा पेढा घेताना खोक्याचं वजन वजा करायला लावणारा मी, इथं नुसतं खोकंच घेऊन आलो होतो.

दुसरा सप्लाय आणला. तोही ४५०चाच, पण १२ व्होल्टवर ३७ अँपिअर, म्हणजे ४४४ वॅट. हातात घेतला आणि गावाच्या नावाचा हिंदी अर्थ कळला. चांगली वीट होती!

गेम चालला. "कार्ड चांगलं आहे रे तुझं," मी म्हटलं. वीस वर्षं गिऱ्हाइकांना 'बारीक अक्षरं वाचून सही करा' म्हणून बजावणाऱ्या माणसाला याहून मोठी माफी मागता येईना.

चिरंजीव काही बोलले नाहीत. जुना सप्लाय त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. स्टिकरची बाजू वर करून.