पीआरपी की सलाईन?

हिंगोलीतल्या मावशीनं सोयाबीनचे पैसे गुडघ्यातल्या पीआरपीसाठी काढून ठेवलेत. 'आपल्याच रक्तानं गादी भरून येते' असं तिला सांगितलंय म्हणे. मी 'जामा'तला २०२१ चा 'रिस्टोअर' पेपर उघडला. ऑस्ट्रेलियातले २८८ रुग्ण, आठवड्याला एक अशी ३ इंजेक्शनं. निम्म्यांना पीआरपी, निम्म्यांना नुसतं सलाईन. वर्षभरानं १० च्या मापावर वेदना पीआरपीनं २.१ नं उतरली, सलाईननं १.८ नं! गादी दोन्हीकडे झिजलीच. म्हणजे शेजारणीला 'फरक पडला' हे खोटं नाही. फक्त कंट्रोल ग्रुप झाकला की श्रेय पीआरपीला जातं. पेपरची मर्यादाही बघा: एकाच किटची, पांढऱ्या पेशी कमी असलेली पीआरपी, तीही सौम्य-मध्यम झिजेवर. मावशीची झीज कितवीय, हे एक्स-रे बघून अजून कुणी सांगितलेलंच नाही.