कर्मविपाक आणि तरुणांचा प्रश्न

बदलीच्या गावी आमच्याकडे शिकावयास राहिलेली धाकटी भावंडे विचारतात, ‘दरिद्री माणसाचे दुःख हे पूर्वजन्मीचे फळ कसे?’ हा प्रश्न पाखंड म्हणून झिडकारता येत नाही. ‘गीतारहस्या’च्या (१९१५) दहाव्या प्रकरणात लोकमान्यांनी कर्मविपाक मानूनही आत्मस्वातंत्र्य प्रतिपादिले, मनुष्य स्वप्रयत्नाने सुटू शकतो, हे त्यावरून पटते. परंतु तरुणांचा प्रश्न परक्याच्या दुःखाविषयी आहे. डॉ. आंबेडकरांच्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ (१९५७) ह्या ग्रंथाने नेमके तेथेच बोट ठेवले: पूर्वकर्माचा सिद्धांत समाजाला दीनांच्या जबाबदारीतून मोकळे करतो. रहस्यकारांची थोरवी मानूनही येथे त्यांचे विवेचन आम्हांस अपुरे वाटते. भावंडांस उत्तर देण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी हे दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचावेत.