मावळा आणि कूळ

सेनापती बापट पारनेरचे. १२ नोव्हेंबर १८८० चा त्यांचा जन्म इथला, आणि त्यांच्याविषयी लिहिलेले वाचताना ह्या गावच्या माणसाचा ऊर भरून येतो, हे मी नाकारीत नाही. पण म्हणूनच एक गोष्ट बोलून दाखवली पाहिजे. एडिंबरो, पॅरिसहून शिकून आणलेली बॉम्बची विद्या, अज्ञातवास, ह्यांत आपल्या चरित्रकारांना जेवढी गोडी वाटते तेवढी मुळशीत वाटत नाही. मुळशीने त्यांना 'सेनापती' केले, एवढे सांगितले की त्यांचे प्रकरण संपते. सेना कोणाची होती, हे कोण विचारतो?

१६ एप्रिल १९२१ च्या रामनवमीला टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध हा सत्याग्रह सुरू झाला. त्या काळच्या लेखकांनी शेतकऱ्यांना 'मावळे' म्हटले. शब्द मोठा देखणा! शिवकाल डोळ्यांपुढे उभा राहिला, पुण्यातला वाचक पेटला. परंतु मावळा म्हटले की तो लढतो आणि मरतो. त्याच्या डोक्यावर कर्ज किती, त्याची जमीन कोणाच्या नावावर, हे प्रश्न त्या शब्दात मावतच नाहीत. प्रत्यक्षात पुष्कळ शेतकरी कुळे होते, आणि जमिनींचे मालक पुण्याचे सावकार. सावकाराला मोबदला हवा होता, कुळाला जमीन. ह्या दोन मागण्या एका घोषणेत फार दिवस नांदणे शक्य नव्हते.

प्रत्यक्ष लढ्यात असलेल्या वि. म. भुस्कुटे ह्यांनी त्याचा इतिहास लिहून ठेवला, हे त्यांचे ऋण. पण हा पडदा खऱ्या अर्थाने बाजूला सारला तो राजेंद्र व्होरांच्या 'मुळशी सत्याग्रह' ह्या १९९४ च्या ग्रंथाने. त्यांनी सावकार, कूळ, पुढारी आणि कंपनी ह्यांचे हितसंबंध वेगवेगळे मांडले. पुढे २००९ मध्ये त्यांचा इंग्रजी ग्रंथ निघाला, तेव्हा मुळशी ही जगातली पहिली धरणविरोधी चळवळ ठरली. ह्या नव्या नावाचे मी स्वागत करतो, पण जरा सावधपणे. १९२१ च्या कुळाने 'धरणविरोध' असा विचार केला नसावा; नर्मदेच्या लढ्यानंतरच्या वाचकाने तो केला. 'मावळा' हे जसे एका काळाचे वाचन, तसेच हेही दुसऱ्या काळाचे. फरक इतकाच, की व्होरांनी आधी जमिनीचे हिशेब तपासले आणि मग नाव दिले.

मुळशीचे पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याला सोडून वीज होते. आमचा तालुका पर्जन्यछायेतला. इथे 'धरण' हा शब्द आशीर्वादासारखा उच्चारतात. त्यामुळे व्होरांचे पान वाचणारा पारनेरकर मध्येच थबकतो, आणि आपल्याच माणसाने धरणाला विरोध का केला, ह्याचे उत्तर त्याला चरित्रात सापडत नाही; ते त्या जमिनीच्या हिशेबात शोधावे लागते.