आळवीचा शेतकरी आणि आपली धम्मदेसना

धम्मपदाच्या सुखवग्गातील २०३ वी गाथा आपल्या विहारांतून वारंवार ऐकू येते, पण ती पूर्ण अशी क्वचितच. सामाजिक कार्याचा आग्रह धरणारे वक्ते भुकेला रोगांमध्ये अग्रस्थान देणारे पहिले चरण घेतात आणि तेथेच थांबतात. ध्यानसाधनेकडे ओढा असणारे थेट निब्बाणसुखाच्या शेवटच्या चरणाकडे वळतात. संस्कारांचे दुःख सांगणारे मधले चरण दोघांनाही अडचणीचे वाटत असावे. पहिल्या वक्त्यापुढे मग केवळ पोट असलेला माणूस उरतो, दुसऱ्यापुढे केवळ चित्त असलेला.

गाथा त्रिपिटकातील आहे; तिची कथा मात्र अट्ठकथेतील, म्हणजे पुष्कळ नंतरच्या संकलनातील आहे, हे भान ठेवूनच ती वाचावी. तथागत जेतवनातून तीस योजने चालून आळवीला आले, ते एका दरिद्री शेतकऱ्यासाठी. त्याच दिवशी त्याचा बैल हरवला होता. आधी बैल शोधावा की आधी दर्शनाला जावे, या विचारात त्याने बैलाची निवड केली. अट्ठकथाकार त्याला याबद्दल एका शब्दानेही दोष देत नाहीत, आणि ही गोष्ट आपण नीट लक्षात घेत नाही. ज्याचे पोट नांगरावर आहे त्याने बैल शोधणे, ही काही श्रद्धेची उणीव नव्हे.

इकडे आळवीच्या नागरिकांनी संघाला भोजन दिले आणि ते अनुमोदनासाठी बसले. तथागत मौन राहिले. जेवून तृप्त झालेली सारी सभा एका गैरहजर माणसासाठी खोळंबून राहिली! बैल सापडल्यावर तो शेतकरी उपाशीपोटी आला. दानाची व्यवस्था पाहणाऱ्याला तथागतांनी विचारले, संघाला वाढून काही शिल्लक आहे काय? आहे, असे कळताच त्याला वाढायला सांगितले. त्याचे जेवण झाल्यावर अनुपुब्बिकथा, त्यानंतर चार आर्यसत्ये. आणि तो स्रोतापन्न झाला. तथागतांनी स्वतः कोणाच्या भोजनाची अशी व्यवस्था केल्याचे दुसरे उदाहरण त्रिपिटकात नाही, असेही अट्ठकथाकार सांगतात.

हे एकमेव उदाहरण आहे म्हणूनच त्यावरून 'आधी भाकरी, मग धम्म' असा सरसकट नियम काढता येत नाही. उदानातील सुप्पबुद्ध कुष्ठरोगी पाहावा. गर्दी दिसली तेव्हा अन्न वाटले जात असेल, या आशेने तो आला. तेथे देसना चालली होती. तो एका बाजूला बसला. तथागतांनी सभेवरून दृष्टी फिरवली, हा समजू शकेल हे ओळखले आणि त्यालाच उद्देशून तीच अनुपुब्बिकथा सांगितली. त्याला आधी जेवू घातल्याचा उल्लेख नाही. बाबासाहेबांनी ही कथा 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात आवर्जून घेतली. त्याच्या कुष्ठरोगाचे कारण म्हणून उदानात येणारे पूर्वजन्मीचे स्पष्टीकरण मात्र घेतले नाही. माझ्या मते ही निवड कथेच्या गाभ्याशी प्रामाणिक आहे.

दोघेही भुकेले, दोघांशी वर्तन मात्र भिन्न. समान आहे ती पाहण्याची रीत: या माणसाला या क्षणी ऐकण्यापासून काय अडविते आहे? शेतकऱ्याला दिवसभराचा शीण आणि भूक अडवीत होती. सुप्पबुद्धाला, भाकरीची आशा असूनही, कोणी आपल्याशी बोलेल याची कल्पनाच नसावी. हा माझा तर्क, पाळीत तसे म्हटलेले नाही.

आपल्याकडे क्रम नेमका उलटा असतो. वर्षावासातील ग्रंथवाचनाच्या समारोपाला भाषणे लांबत जातात, मुले पेंगतात, पाळीवरून परतलेला कामगार मागे भिंतीला टेकून बसतो आणि भोजनदान अगदी शेवटी येते. ते रांधणाऱ्या उपासिका प्रज्ञेवरचे व्याख्यान ध्वनिक्षेपकातून, फोडणीच्या आवाजातून जेवढे पोचेल तेवढे ऐकतात. त्या यायच्या आहेत म्हणून वक्ता थांबला आहे, असे दृश्य मी तरी अद्याप पाहिलेले नाही. आणि मी स्वतः वक्ता असताना थांबलो, असेही म्हणवत नाही.

बाबासाहेबांनी त्याच ग्रंथाच्या प्रास्ताविकात प्रश्न विचारला होता, की भिक्षू कशासाठी. स्वतः परिपूर्ण होण्यासाठी की लोकांच्या सेवेसाठी? हा प्रश्न मनात ठेवून आळवीच्या कथेचा शेवट वाचावा. ताटकळलेल्या नागरिकांनी तक्रार केल्याचे अट्ठकथेत कोठे नाही. परतीच्या वाटेवर, एका माणसाला पाहून शास्त्यांनी जेवण वाढायला लावले, हे काय, अशी कुरकुर केली ती भिक्षूंनी. तथागत थांबले, मागे वळले, आणि ती गाथा त्यांना सांगितली.