काळा रंग आणि वर्गांतील भाषण

वाङ्मयाच्या प्रकारांत ज्याची गणना कोणीं केलेली नाहीं, परंतु जो सुशिक्षितांच्या घरोघर वर्षांतून एकदां तरी लिहिला जातो, पाठ केला जातो आणि घशाला कोरड पडून कसाबसा म्हटला जातो, असा एक प्रकार म्हणजे वर्गांत करावयाचें भाषण. पूर्वीं त्यास वक्तृत्व म्हणत. आतां प्रेझेंटेशन म्हणतात, आणि पडद्यावर चित्रें दाखविण्याची सोय असते. नांव बदललें तरी घाट तोच राहिला. आरंभीं गुरुजनांस वंदन, मध्यें कोठून तरी उतरून घेतलेली माहिती, आणि शेवटीं उपदेश. कवितेच्या चार ओळींवर आपल्याकडे दहा पानें टीका होते. या प्रकाराकडे मात्र टीकाकारानें कधीं ढुंकूनही पाहिलें नाहीं. वस्तुतः आपल्या मुलांचा भाषेशीं पहिला जाहीर संबंध येथेंच येतो, आणि तो ज्या रीतीनें येतो तिचे परिणाम पुढें कवितेच्या टीकेंतही दिसतात.

अशा भाषणांचा एक आवडता विषय म्हणजे ‘रंगांचे अर्थ’. मुलांनीं चिठ्ठ्या उचलाव्या आणि ज्याच्या वांट्याला जो रंग येईल त्यावर त्यानें पांच मिनिटें बोलावें. विषय वरवर सोपा. कारण उत्तरें तयारच असतात. लाल म्हणजे प्रेम अथवा धोका, हिरवा म्हणजे समृद्धि, पांढरा म्हणजे पावित्र्य व शांति, काळा म्हणजे शोक, अज्ञान आणि अशुभ. हें कोष्टक पाठ केलें कीं भाषण झालें! हें कोष्टक आलें कोठून, हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. शोकाचा काळा हा मुख्यतः युरोपियन रिवाज. पति वारल्यावर, १८६१ पासून १९०१ पर्यंत, व्हिक्टोरिया राणी काळ्या वेषांत राहिली, आणि तिच्या प्रजेनें त्या रिवाजास जणूं कायद्याचें रूप दिलें. पण खुद्द युरोपांतही काळा एकाच अर्थाला चिकटून राहिलेला नाहीं. मिशेल पास्तुरो या फ्रेंच इतिहासकारानें २००८ सालीं काळ्या रंगाचा सबंध इतिहासच लिहिला. त्यावरून असें दिसतें कीं, जो काळा एके काळीं सैतानाचा, तोच पुढें बर्गंडीच्या दरबारांत वैभवाचा आणि धर्मसुधारकांत सचोटीचा झाला. आपल्या घरांत डोकावलें तरी तेंच. कुंकवाचा लाल सौभाग्याचा, हें खरें. पण केशवपन केलेल्या विधवेच्या अंगावरचें आलवणही तांबडेंच असे. ज्या रंगानें सौभाग्य सांगितलें त्याच जातीच्या रंगानें वैधव्यही सांगितलें. कोष्टकाच्या कोणत्या रकान्यांत तें घालावें?

हें सर्व आठवण्याचें कारण असें कीं, नाशकांत माझ्या परिचयाच्या एका घरीं नववींतील एका मुलीच्या वांट्याला काळा रंग आला, आणि तिनें लिहिलेले भाषणाचे तीनही मसुदे मला पाहावयास मिळाले. मुलगी हुशार आहे, आणि सावळी आहे. ही दुसरी गोष्ट सांगण्याचें वास्तविक प्रयोजन नसावें. पण चिठ्ठी उलगडतांच वर्गांत जी खसखस पिकली तिनें तें प्रयोजन उत्पन्न केलें. आठवडाभर त्या मुलीला नीट जेवण गेलें नाहीं. घरच्यांनीं ‘सभाधीटपणा सवयीनें येतो’ असें समाधान केलें. मला तें पटलें नाहीं. चाळीस डोळ्यांसमोर उभें राहण्याची भीति वेगळी, आणि त्या डोळ्यांसमोर स्वतःविरुद्धचीच साक्ष पाठ म्हणून दाखवावी लागण्याची भीति वेगळी. काळा म्हणजे अशुभ, अज्ञान, कलंक, हीं वाक्यें तिनें म्हणावयाचीं होतीं, आणि ऐकणारे तिच्या तोंडाकडे पाहणार होते. गोरेपणाचें मलम म्हणून जें १९७५ पासून घरोघर खपलें त्याच्या नांवांतला ‘फेअर’ हा शब्द कंपनीनें २०२० सालीं काढून टाकला. लग्नाच्या जाहिरातींतल्या ‘गोरी’ या शब्दाला अजून तशी उपरति झालेली नाहीं.

पहिला मसुदा त्या कोष्टकाचाच होता. त्याविषयीं लिहिण्यासारखें कांहीं नाहीं. वाक्यें निर्दोष आणि निर्जीव.

दुसरा मसुदा अधिक विचार करावयास लावणारा आहे, कारण तो रागानें लिहिलेला आहे. कोष्टक उलटें करावें, काळा हाच पूज्य ठरवावा, असें तिनें मनांत घेतलें. आणि नाशकांत राहणाऱ्या मुलीला त्यासाठीं दूर जाण्याची गरज नव्हती. पंचवटींत काळाराम आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकर यांनीं काळ्या पाषाणांत बांधविलेलें हें देऊळ. आंत राम, सीता आणि लक्ष्मण यांच्या काळ्या मूर्ति. याच गांवांत गोऱ्या रामाचेंही देऊळ आहे, पण नाशिकचें नांव निघतांच लोक विचारतात तो काळ्याला. तिनें पुढें विठ्ठल घेतला, कृष्ण घेतला, जिचें नांवच कृष्णा ती द्रौपदी घेतली, आणि निष्कर्ष काढला कीं, आमच्या संस्कृतींत काळा रंग पूज्य आहे, म्हणून काळ्या माणसाचा आमच्याकडे कधीं अपमान झालेला नाहीं.

वाक्य टाळ्या घेणारें आहे; त्यांतलें ‘म्हणून’ मात्र साफ खोटें आहे. देव काळा असल्यानें माणसाच्या वर्णाची प्रतिष्ठा वाढत असती, तर काळारामाच्याच आरतीहून परतलेल्या बाईनें सून पाहतांना रंग पाहिला नसता. आणि त्या देवळाचा इतिहास तर याहून कठोर आहे. २ मार्च १९३० रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखालीं हजारों अस्पृश्य स्त्रीपुरुष याच देवळाच्या दाराशीं आले. दारें बंद करण्यांत आलीं. पुढें कित्येक वर्षें चाललेल्या सत्याग्रहानेंही तीं उघडलीं नाहींत, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं याच जिल्ह्यांतील येवलें येथें बाबासाहेबांनीं, आपण हिंदु म्हणून जन्मलों तरी हिंदु म्हणून मरणार नाहीं, अशी घोषणा केली. तेथें प्रश्न रंगाचा नव्हता, जातीचा होता, हें मला ठाऊक आहे. पण म्हणूनच तें उदाहरण येथें उपयोगी आहे. आंतल्या दगडाला मिळालेला मान बाहेरच्या माणसापर्यंत आपोआप पोहोंचत नाहीं. पूजेंतल्या अर्थावरून व्यवहारांतला अर्थ काढणारा, मग तो नववींतला विद्यार्थी असो कीं संस्कृतीवर ग्रंथ लिहिणारा पंडित, एक दार बंद होतें हें विसरत असतो.

हें मीं तिला सांगितलें तेव्हां ती हिरमुसली. ‘मग काय उरलें?’ असें तिनें विचारलें. उत्तर मजजवळ नव्हतें. तें तिच्या आजीजवळ निघालें.

“आजी, संक्रांतीला तूं काळें कां नेसतेस ग?”

“अग, थंडीचे दिवस. काळ्यानें ऊब राहते. आणि हलव्याचे दागिने काळ्यावर जसे उठून दिसतात तसे दुसऱ्या कशावर दिसतील का?”

“आणि लग्नांत काळें चालत नाहीं तें?”

“नाहींच चालत. पण गळ्यांत काळे मणी बांधल्यावांचून लग्न लागलें म्हणतात का? बाळाला तीट लावतों ती कोणत्या रंगाची?”

या चार वाक्यांत जें आहे तें मला रंगांवरील कित्येक लेखांत सांपडलेलें नाहीं. एकाच मांडवांत काळें लुगडें वर्ज्य आणि काळा मणी अवश्य! म्हणजे अर्थ काळेपणांत नाहीं. तो कोणी, केव्हां, कशाशेजारीं आणि कोणत्या अधिकारानें तो रंग धारण केला यांत आहे. सोन्याशेजारचा मणी निराळा, बाळाच्या गोऱ्या किंवा सावळ्या गालावरची तीट निराळी, आणि हलव्याच्या पांढऱ्या दाण्यांखालची चंद्रकळा निराळी. शिवाय चंद्रकळेचें कारण विचारलें तर प्रथम ऊब सांगितली जाते आणि मग शोभा. शुभाशुभाचा प्रश्न त्या घटकेस कोणाच्या मनांतही नसतो. भाषेचेंही तसेंच. ‘तोंड काळें करणें’ यांत जो रंग लज्जेचा तोच ‘काळ्या दगडावरची रेघ’ यांत खात्रीचा होतो. आणि तेथें सुद्धां काळा काम करतो तो रेघेला आधार देण्याचें. तिसऱ्या मसुद्यांत तिनें हें सगळें घेतलें, आणि त्या म्हणीशेजारीं स्वतःच एक वाक्य घातलें कीं, आपण उभ्या आहोंत त्यामागचा फळाही काळा आहे, नाहींतर खडूनें लिहिलेलें कोणाला दिसलें असतें? तें वाक्य मला फार आवडलें.

येथें आमच्या टीकाकारांस दोन शब्द सांगितल्यावांचून राहवत नाहीं. कवितेंत काळा रंग दिसला कीं निराशा, पांढरा दिसला कीं वैराग्य, ही जी प्रतीकें ओळखण्याची विद्या सध्यां वाढली आहे ती त्या शालेय कोष्टकाचीच थोरली बहीण होय. विष्णुदास नाम्याच्या नांवावर एक प्रसिद्ध गौळण आहे. तींत रात्रीपासून अंगावरच्या दागिन्यांपर्यंत एकेक वस्तु काळी होत जाते, आणि शेवटीं ज्याच्याकडे ती स्त्री निघाली आहे तोही काळाच निघतो. कोष्टक हातांत धरून वाचणारास हें शोकगीत वाटावें. ऐकणाऱ्या खेडुताला मात्र तें मीलनाच्या ओढीचें गाणें आहे हें पहिल्या कडव्यांतच कळतें. कारण तो काळा हा शब्द सुटा ऐकत नाहीं, त्याची पुनरुक्ति ऐकतो, तिच्याबरोबर चाल ऐकतो, आणि सगळें जग एकाच रंगांत विरत चाललें आहे हें त्याला जाणवतें. अर्थ त्या विरण्यांत आहे.

भाषण झालें. मुलगी घाबरली नाहीं असें नाहीं. पहिल्या मिनिटाला तिचा आवाज कांपला असें तिच्या मैत्रिणीनें सांगितलें. पण आजीचें बोलणें सुरू होतांच ती कागदाकडे पाहावयाची थांबली. परकें वाक्य विसरण्याची धास्ती असते. घरांत ऐकलेलें वाक्य विसरत नाहीं. हंसणारे त्या दिवशीं हंसले कीं नाहीं, याची चौकशी मीं केली नाहीं.

टीकाकार म्हणून त्या तिसऱ्या मसुद्यांतील एक उणीव नोंदवावयाची राहिली. जमिनीविषयीं तिनें एकच ओळ लिहिली होती: काळी माती सुपीक असते. नाशिक जिल्ह्यांत, निफाडच्या बाजूला द्राक्षांचे व कांद्याचे मळे डोळ्यांपुढें असतां, हें फार थोडें झालें. आपल्या जुन्या गांवकीच्या भाषेंत गांवाचे दोन भाग मानीत: घरें असलेली ती पांढरी आणि पिकें येतात ती काळी. तेथें पांढरी व काळी या शब्दांत पवित्र-अपवित्र असा भेद नाहीं. पांढरींत राहावें आणि काळींत राबावें, इतकाच तो हिशेब. शेतकरी काळीला आई म्हणतो, तें तिचा रंग विसरून नव्हे. हा मजकूर घेतला असता तर फळ्याचें वाक्य आणखी खोल गेलें असतें. पण मिनिटें पांच होतीं, आणि मंगळसूत्र तिला गाळावयाचें नव्हतें.